हाड सांगेल तेवढंच

लोपीस मॅडम कोणालाही नावाने हाक मारत नसत. पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला जागेवरून उठवून फळ्यापर्यंत चालत यायला लावायच्या आणि परत पाठवायच्या. त्या येण्याजाण्यात त्यांना जे दिसेल ते त्या मुलाचं पुढच्या तीन वर्षांचं नाव. आमच्या वर्गात एक ‘जबडा’ होता, एक ‘पोक’ होता, एक ‘गुडघे’ होती. मी ‘कॉलरबोन’.

मी फळ्यापाशी पोचले तेव्हा त्या खिडकीला टेकून चण्याची पुडी खात होत्या. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. केस पुरुषासारखे कापलेले, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस, पायात रबरी चपला. मला म्हणाल्या, “डावं कॉलरबोन मोडलंय. सात-आठ वर्षांची असताना. आणि वेळेवर बांधलं नाही कोणी.”

मी झोपाळ्यावरून पडले होते. आईने दोन दिवस हळदीचा लेप लावला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. हा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. मी नुसती मान हलवली.

“बोल की. जिभेला पण प्लास्टर आहे?”

मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. शाळा इंग्रजी माध्यमाची, घाबरले की इंग्रजीच तोंडात येते. मॅडमनी हात वर केला. “इंग्लिशमध्ये खोटं बोलायला सोपं जातं. मराठीत सांग.”

वर्ग हसला. मी खाली बसले. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर बसले, कारण मागे बसलेल्यांना त्या जास्त छळायच्या.

कॉलेज वसईतलं, खाजगी. फॉरेन्सिक सायन्सचा तीन वर्षांचा कोर्स होता आणि त्यात मॅडमचा विषय हाडांचा, म्हणजे फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी. कुठे हाडं सापडली तर ती माणसाची की जनावराची, बाईची की पुरुषाची, वय काय, उंची काय, मोडलं ते जिवंतपणी की नंतर, हे ओळखायचं. आमच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचे दोन सांगाडे होते. खरी हाडं मॅडम सोपाऱ्याच्या मटणवाल्याकडून आणायच्या, घरी उकळून, सोड्यात घासून, उन्हात वाळवून. परीक्षेला ती बोकडाची हाडं प्लॅस्टिकच्या माणसात मिसळून ठेवायच्या आणि कोणी बोकडाच्या फासळीला ‘स्त्री, वय अंदाजे तीस’ असं लिहिलं की तो पेपर सगळ्यांना वाचून दाखवायच्या. “ही बाई परवा मी रश्शात खाल्ली,” असं म्हणायच्या, आणि चेहऱ्यावर रेषही हलायची नाही.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. हाड सांगेल तेवढंच लिहायचं. कोणी विचारलं, “मॅडम, पण अंदाज तरी?” तर म्हणायच्या, “अंदाज करायला पेपरवाले आहेत. तू गप्प बस.”

आचोळ्याची सिद्धी माझ्या शेजारी बसायची. तिचे वडील रिक्षा चालवत. तिला पोलिसात जायचं होतं आणि हा कोर्स केला तर भरतीत उपयोग होईल असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी पायाच्या हाडांवर शिकवताना मॅडमनी तिला चपला काढायला सांगितल्या. बाटलीतलं पाणी तिच्या पायावर ओतलं. “ठेव फरशीवर. दाबून. उचल.”

फरशीवर अख्खा पाय उमटला होता. टाचेपासून बोटांपर्यंत भरलेला, मधे कुठे रिकामी जागा नाही.

“हा सपाट पाय,” मॅडम वर्गाला म्हणाल्या. “नीट बघून घ्या, पुन्हा पुन्हा मिळत नाही. आणि तू, पोलीस भरतीचं डोक्यात असेल तर काढून टाक. मेडिकलला पहिल्या पाच मिनिटांत बाहेर.”

“मॅडम, मी रोज सकाळी पाचला ग्राउंडवर असते,” सिद्धी म्हणाली. “आठशे मीटर माझं बसतं वेळेत.”

“पाचला गेलीस काय, तीनला गेलीस काय. पायाला कमान येणार नाही.”

फरशीवरचं पाणी सुकेपर्यंत मुलं वाकून बघत होती. सिद्धी चपला हातात घेऊन बाहेर गेली. तिने भरतीचा अर्ज तरीही भरला. धावण्यात पास झाली आणि मेडिकलला बाहेर पडली, सपाट पायांमुळे. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आम्हाला वाटलं, आज तरी मॅडम काही बोलणार नाहीत. त्यांनी प्लॅस्टिकचं पाऊल तिच्यापुढे ठेवलं. “कमान कुठून कुठपर्यंत, दाखव.” सिद्धीने बोट फिरवून बरोबर दाखवली. “पाचपैकी पाच,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

वर्ष संपल्यावर सिद्धीने कोर्स सोडला. आता ती नालासोपाऱ्यात मोबाइलच्या दुकानात आहे आणि तिला माझ्यापेक्षा तीन हजार जास्त मिळतात.

पैशांचा विषय मॅडमसमोर एकदाच निघाला. ‘जबडा’ने विचारलं, “मॅडम, हे करून पगार किती मिळतो?”

मॅडमनी खडू ठेवला. त्यांना हा प्रश्न आवडला होता, हे आम्हाला कळलं. “पहिल्या बॅचला तेवीस जण होते,” त्या म्हणाल्या. “नऊ जण बँकेची क्रेडिट कार्डं विकतात. चौघींची लग्नं झाली. दोघं बापाच्या धंद्यात. एक सरकारी लॅबमध्ये आहे, कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी घरी बसतो आणि पुन्हा बोलावण्याची वाट बघतो. कवटीवरचं काम ज्याला खरंच यायचं असा एकच होता.”

“तो कुठे असतो मॅडम?”

“विरारला. हेल्मेट विकतो.”

आम्ही हसलो. “हसा,” त्या म्हणाल्या. “बाकीचे कुठे आहेत ते मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही.”

“आणि तुम्हाला मॅडम? पोलीस बोलावतात ना?”

“एकोणीस वर्षांत चार वेळा. तीनदा बोकड निघाला. नायगावला टॉवरचा पाया खणताना हाडं सापडली म्हणून चॅनेलवाले आले होते, इन्स्पेक्टर खून धरून बसला होता. मी म्हटलं, साहेब, कापलेला, शिजवलेला, खाल्लेला बोकड आहे. चौथ्यांदा माणूस होता. मानधन म्हणून चहा मिळाला. बिनसाखरेचा सांगितला होता, साखरेचा आला.”

स्वतः मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे. मे महिन्यात काही नाही, दिवाळीत काही नाही. एकोणीस वर्षं हे असंच. त्यांनी हे कधी लपवलं नाही, पण त्याबद्दल कुरकुरही केली नाही. हाडं हा एवढा एकच विषय त्यांना येत होता आणि तो शिकवायला आमचं कॉलेज ही एवढी एकच जागा होती.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी त्यांनी मला गासला त्यांच्या घरी बोलावलं. वाळवलेल्या हाडांची दोन खोकी उचलून कॉलेजात न्यायची होती. मी पोचले तर घरी कोणी नव्हतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “फिलूबाय दफनभूमीत गेली. इनासच्या बापाची कबर उघडतात आज.” फिलूबाय म्हणजे आमच्या मॅडम.

तिकडच्या ख्रिस्ती लोकांत जागा कमी म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात. हाडं काढून, धुऊन, कापडात बांधून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात, वर नावाची पाटी लावतात आणि कबर दुसऱ्याला मोकळी होते. मी गेले तेव्हा पांढऱ्या चादरीवर हाडं मांडलेली होती. पंधरावीस माणसं होती. लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. ती मेलेल्याची बायको, इनासची आई. फादर अजून यायचे होते.

इनास सहज म्हणाला, “फिलूबाय, तू शिकवतेस ना हेच. बघ, सगळं आलं का.”

तो मान द्यायला म्हणाला होता. दुसरं कोणी असतं तर ‘आलं’ म्हणून बाजूला झालं असतं. मॅडम चादरीपाशी उकिडव्या बसल्या. एकेक हाड उचलून जागेवर ठेवत गेल्या. मग दोन लांब हाडं दोन हातांत धरून उभ्या राहिल्या.

“इनास, तुझ्या बापाला दोन डावे पाय होते का?”

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

“म्हणजे काय?”

“दोन्ही मांडीची हाडं डावी आहेत. उजवं नाही. एक तुझ्या बापाचं असेल, एक त्याच्या आधी इथे पुरलेल्याचं. नाही तर दोन्ही दुसऱ्याचीच.”

कबर खणणारा शपथा घेऊ लागला. इनास त्याच्यावर ओरडला. पुढचं सगळं त्यांच्या घरच्या बोलीत झालं, मला अर्धंच कळलं. मग म्हातारी खुर्चीवरून उठली, मॅडमपाशी आली आणि हळू विचारलं, “यातलं त्यांचं कोणतं?”

मॅडमनी दोन्ही हाडं पुन्हा उन्हात धरून बघितली. बराच वेळ बघितली. “नाही सांगता येत.”

“एक सांग बाय. कुठलं पण सांग.”

“नाही येत सांगता, मावशी.”

“तू म्हणशील ते मी मानीन. तू फक्त बोट दाखव.”

बोट दाखवायला काय लागतं? मी तिथे होते, मला तर वाटलं मीच दाखवावं. मॅडमनी दोन्ही हाडं चादरीवर ठेवली, शेजारी शेजारी, आणि हात झटकले. म्हातारीने वाकून त्यातलं एक उचललं आणि छातीशी धरलं. तिला तेवढंही धरू द्यायचं ना. मॅडम म्हणाल्या, “चूक असायची शक्यता निम्मी आहे. निम्म्याहून जास्तच.”

म्हातारीच्या हातातून इनासने ते हाड घेतलं. शेवटी दोन्ही डावे पाय एकाच कापडात बांधून कप्प्यात ठेवले गेले. परत येताना शेजारच्या बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “फिलूच्या जिभेला हाड नाय. सांगता येत होतं तिला. मुद्दाम नाय सांगितलं.”

मुद्दाम नव्हतं, हे मला माहीत होतं. पण त्यांना वाईट वाटलं होतं असंही मी म्हणणार नाही. खोकी उचलताना त्या मला उत्साहाने सांगत होत्या की त्या दोन्ही हाडांच्या वरच्या गोळ्यांचा व्यास किती सारखा होता. त्यांना खरं आवडायचं हे खरंच. पण खरं ऐकून समोरच्याचा चेहरा कसा उतरतो तेही त्यांना आवडत असावं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

मी पास झाले आणि अंधेरीला एका कंपनीत लागले. ती कंपनी विमा कंपन्यांसाठी अपघाताचे दावे तपासते. मी दिवसभर हॉस्पिटलच्या बिलांचे फोटो बघते आणि खाडाखोड दिसली की लाल खूण करते. सोळा हजार. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत माझा फोटो छापून खाली ‘फॉरेन्सिक तज्ज्ञ’ असं लिहिलं आहे.

वर्षभराने कोर्सचे समन्वयक राऊत सर यांचा फोन आला. मऊ बोलणारे गृहस्थ. “बेटा, संस्थेने सांगितलंय, या वर्षी वीस प्रवेश झाले नाहीत तर कोर्स बंद. शनिवारी पालकांची सभा ठेवली आहे. तू ये, पाच मिनिटं बोल. पगार विचारतील, तर जरा बरा सांग.”

“सर, मला बोलता येत नाही.”

“लोपीस मॅडमना मी सांगितलंय, तुम्ही फक्त गप्प बसा. त्यांचं काम आता तुझ्या पाच मिनिटांवर आहे बेटा. त्यांना या वयात दुसरं कोण घेणार?”

हे खरं होतं. मी दोन रात्री आरशासमोर सराव केला.

शनिवारी हॉल भरला होता. साठेक पालक, मुलं, समोसे. मॅडम शेवटच्या रांगेत चणे खात बसल्या होत्या. मी माईक दोन्ही हातांनी धरून पाठ केलेलं म्हटलं. विषय किती छान, शिक्षक किती छान. पहिल्या रांगेत हिरव्या ओढणीची एक मुलगी होती, तिच्या वडिलांनी विचारलं, “मॅडम, तुम्हाला महिन्याचे किती येतात? राग मानू नका, विचारतो आपलं.”

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हणालं होतं. मी म्हटलं, “पस्तीस हजार.”

वडिलांनी मुलीकडे बघून मान डोलावली. राऊत सर फॉर्म वाटायला उठले.

“कॉलरबोन,” मागून आवाज आला. “किती म्हणालीस?”

“पस्तीस, मॅडम.”

“वर्षभरात हाडं किती हाताळलीस?”

“फोटो बघते, मॅडम.”

“हाडांचे?”

मी राऊत सरांकडे बघितलं.

“कशाचे फोटो? बोल, लोक पोरांना घेऊन आलेत.”

“बिलांचे.”

हसू पसरलं. राऊत सर म्हणाले, “मॅडम, आपण नंतर बोलू.” मॅडम तोपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. त्या पालकांना उद्देशून, वर्गात शिकवतात तशाच आवाजात म्हणाल्या, “हिचा डावा खांदा बघा. लहानपणी मोडलाय, नीट जुळलेला नाही, वर घेतला की दुखतो. तरी ही खोटं बोलायला लागली की तो वर घेते. तीन वर्षं बघतेय मी. आत्ता कुठे आहे बघा.”

साठ माणसांनी माझ्या खांद्याकडे बघितलं. तो वर होता. मी तो खाली घेतला, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली.

“खरा आकडा सांग.”

“सोळा.”

हिरव्या ओढणीच्या वडिलांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. “चल, बी.कॉम. बघू,” ते मुलीला म्हणाले. जाताना त्यांनी मॅडमना नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही.

जिन्यात मॅडम भेटल्या. मी रडत होते. म्हटलं, “मी तुमच्यासाठी बोलले.”

“मी सांगितलं होतं?”

“कोर्स बंद होईल, मॅडम.”

“होईल,” त्या म्हणाल्या आणि चण्याची पुडी माझ्यापुढे केली. मी घेतले नाहीत.

अकरा प्रवेश झाले. त्या अकराजणांचे पैसे परत केले. जुन्या मुलांची शेवटची बॅच बाहेर पडली तसं मॅडमचंही काम संपलं.

त्यानंतर चार महिन्यांनी सरकारी लॅबमध्ये कंत्राटी सहायकाची जागा निघाली. हाडांचं काम, पंचवीस हजार. अर्जाला विषयाच्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं. तो विषय शिकवणारं मला आयुष्यात एकच माणूस भेटलं होतं. आठवडाभर मी टाळलं, मग गासला गेले.

मॅडम वाडीत पालेभाजीचे वाफे करत होत्या. हात धुऊन आल्या, मला बस म्हणाल्या नाहीत, टेबलावर कागद घेऊन लिहायला बसल्या. एकदाही न खोडता लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

“ही तीन वर्षं माझी विद्यार्थिनी होती. माणसाचं आणि जनावराचं हाड ओळखताना ती एकदाही चुकलेली नाही. तुकड्यावरून बाजू ओळखण्यात माझ्यापेक्षा वेगवान. मी शिकवलेल्यांत सर्वांत चांगली. समोरच्याची दया आली तर खोटं बोलते, हे मी स्वतः पाहिलं आहे. न्यायालयात साक्षीला उभी करू नये.”

खाली सही, नाव. नावाखाली त्यांनी लिहिलं, ‘सध्या काम नाही.’

मी सर्वांत चांगली आहे हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ते ऐकून आनंद व्हायच्या आत पुढचं वाक्य आलं होतं.

“मॅडम, शेवटच्या दोन ओळी...”

“खोटं आहे का काही?”

“नाही.”

“मग?”

“निदान नावाखाली ‘माजी प्राध्यापक’ लिहा. नाही तर हे पत्र कोण धरणार?”

“प्राध्यापक मी कधी नव्हते. तासावर होते.” त्यांनी कागदाची घडी घातली, नखाने दाबली आणि माझ्या हातात दिली. “द्यायचं तर दे, नाही तर फाड. दुसरं मिळणार नाही.”

ते पत्र मी अर्जाला जसंच्या तसं जोडलं. मुलाखतीत तिघांनी ते आळीपाळीने वाचलं. एकाने विचारलं, “या बाई कोण?” आणि उत्तराची वाट न बघता फाइल मिटली. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी अजून बिलंच बघते.

पण त्या दिवशी मला हे काही माहीत नव्हतं. पत्र पिशवीत ठेवून मी उठले. मॅडम माझ्या आधीच बाहेर पडून वाफ्याशी वाकल्या होत्या, पाठ माझ्याकडे. मातीत कसलंसं हाड वर आलं होतं. त्यांनी ते उचललं, पुसलं, उलटंसुलटं केलं आणि कुंपणापलीकडे टाकून दिलं. मी फाटकाशी थांबले. काहीतरी म्हणतील असं वाटलं. सभेबद्दल नाही, निदान ‘मिळेल तुला ती जागा’ एवढं तरी.

“येते मॅडम,” मी म्हटलं.

त्या वळल्या नाहीत.

“फाटक नीट लाव,” त्या म्हणाल्या. “बकऱ्या शिरतात.”